आमच्या बॉम्बर मंडळाचा लीडर

लॉकडाऊनमध्ये कसले किस्से, माणसं तर घरात बसून होती, असं लोक म्हणतात. मला ते पटत नाही. त्या दोन वर्षांत आमच्या घरामागच्या शेडमध्ये ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे रिकामे खोके साठत गेले, कधीतरी उपयोगी पडतील म्हणून. किस्स्यांचंही तसंच झालं. कोणी मुद्दाम जमवले नाहीत, पण टाकलेही नाहीत. आता चार मित्र जेवायला जमले की एकेक खोका बाहेर येतो.

आधीच सांगून टाकतो. हे किस्से ऐकताना तुम्हाला वाटेल की मी शिरीषवर जळतो. बरोबर वाटेल. नेदरलँड्समधल्या झूटरमेर गावात आमची एकाच रांगेत घरं. तो पुण्याहून माझ्यानंतर आला आणि कोपऱ्याचं घर मिळवून बसला. कोपऱ्याच्या घराला तीन बाजूंनी ऊन आणि दुप्पट बाग. माझं त्याच्या शेजारचं, मधलं. मधल्या घराला दोन्हीकडून शेजाऱ्यांच्या भिंती. डच तो माझ्या दुप्पट चांगलं बोलतो, केस अजून सगळे आहेत, आणि वर स्वभावाने चांगला आहे. चांगल्या माणसावर जळणं फार अवघड असतं. मी ते नेटाने केलं.

* * *

त्या दिवसांत बाहेरची करमणूक एकच, चालणं. तेही दोघांनी, मध्ये दीड मीटर ठेवून. एका रविवारी शिरीष आणि मी हेगजवळच्या जंगलात गेलो. झाडं, कुत्री, कुत्र्यांचे मालक, बाकी काही नाही. माझ्या बुटात खडा गेला म्हणून वाटेतल्या एका पाटीला मी टेकलो आणि बूट काढून झटकायला लागलो. शिरीषने तेवढ्यात दीड मीटरवरून मान लांब करून ती पाटी वाचून काढली.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी याच झाडांमधून लंडनवर रॉकेटं सोडली होती, आणि ती बंद पाडायला ब्रिटिशांची बॉम्बर विमानं इथे आली होती, असं पाटीवर होतं. मी म्हटलं, असं होय. आणि दुसरा बूट काढला.

संध्याकाळपर्यंत शिरीषने त्या काळातली विमानं उडवायचा एक कॉम्प्युटर गेम शोधला होता, त्यात या जंगलाचा नकाशा घातला होता, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला होता आणि ग्रुपचं बारसंही करून टाकलं होतं. बॉम्बर मंडळ. पहिला मेसेज असा होता: "मित्रांनो, आज मला एक पाटी सापडली."

मला! अर्धा तास जिला मी टेकून उभा होतो, ती पाटी त्याला सापडली!

* * *

मंडळात आम्ही चौघं. शिरीष आणि मी. तिसरा अभय, फेल्डहोवनला चिप बनवायच्या मशिनवर काम करणारा इंजिनिअर. चौथा देवदत्त उर्फ देवा, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टच्या एका उंच इमारतीत एकटा राहणारा. दर शनिवारी दुपारी कॉलवर जमायचं, बेल्जियममधल्या धावपट्टीवरून चौघांनी चार विमानं उचलायची आणि हेगजवळच्या जंगलातली रॉकेटं उडवायची.

पहिल्याच मीटिंगला शिरीषने स्लाइड्स दाखवल्या. त्यात कामाची पद्धत होती. बॉम्बर विमानं एकमेकांना धरून उडतात. नेम फक्त पुढचा धरतो, म्हणजे लीडर. लीडरने बॉम्ब सोडले की बाकीच्यांनी त्याच क्षणी सोडायचे. स्वतःचं डोकं चालवायचं नाही. पुढच्या स्लाइडवर नावं होती. लीडर, शिरीष. वारा आणि हिशेब, अभय. आजूबाजूला शत्रूची विमानं बघणं, देवा. माझ्या नावापुढे लिहिलं होतं, "मागे राहणे."

मी विचारलं की लीडर कोण हे कोणी ठरवलं. शिरीष म्हणाला, तसं काही नाही रे, रोटेट करू आपण. ऑफिसमध्ये 'रोटेट करू' म्हणतात त्याचा अर्थ मला चांगला ठाऊक होता. मीटिंग संपवून मी तणतणत स्वयंपाकघरात गेलो आणि मधुराला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. म्हटलं, पुढचा सांगेल तेव्हा बटण दाबायचं, बास, याला काय अर्थ आहे?

ती कणीक मळता मळता म्हणाली, "मग ऑफिसात काय वेगळं करतोस?"

* * *

पहिल्या हल्ल्याला आकाशभर ढग होते. लीडरचं विमान दिसत नव्हतं, त्यामुळे तो कॉलवर 'सोडा' म्हणेल तेव्हा बॉम्ब सोडायचे असं ठरलं. आम्ही उडत राहिलो. हेग आलं असावं. हेग गेलं असावं. कोणी काही बोलेना. शिस्त म्हणजे शिस्त! खाली ढग फाटले तेव्हा देवाने भाबडेपणाने विचारलं की हे अ‍ॅमस्टरडॅम तर नाही ना, कारण त्याची बिल्डिंग जिथे आहे तिथे त्याला गायी चरताना दिसत होत्या.

मग समुद्र आला. मग पेट्रोल संपलं. चौघंही ओळीने पाण्यात पडलो.

शिरीषने कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात कपाळाला लावले, तेव्हा कुठे त्याच्या लक्षात आलं की तो टेकऑफपासून म्यूटवर होता. 'सोडा' तो तीनदा ओरडला होता. मला आतून इतका आनंद झाला की मी पाणी प्यायच्या निमित्ताने तोंड वळवलं. देवा म्हणाला की म्यूटचं चिन्ह त्याला दिसलंच नाही. अभयला दिसलं होतं. मग बोलला का नाहीस, असं विचारल्यावर अभय शांतपणे म्हणाला, "मला वाटलं, युद्धात रेडिओवर बोलत नसतील. ऑथेंटिक वाटलं."

* * *

अपयश धुऊन काढायला पुढच्या शनिवारी नारळ फोडावा, असं देवाने सुचवलं. मंडळ म्हटलं की नारळ आलाच. देवाच्या फ्लॅटमध्ये फोडायला दगड नव्हता, म्हणून त्याने बाल्कनीच्या कठड्यावर फोडला. वरचा अर्धा भाग हातात राहिला आणि खालचा अर्धा, पाण्यासकट, खालच्या मजल्यावरच्या सुरिनामी आजींच्या वाळत घातलेल्या चादरीवर.

दोन मिनिटांत दारावर थाप. देवा मास्क लावून, माफीची सगळी डच वाक्यं मनात जुळवत दार उघडायला गेला. कॉल चालूच होता, आम्ही ऐकत होतो. बाईंचे पूर्वज कधी काळी बिहारमधून सुरिनामला गेलेले. दार उघडल्या उघडल्या त्यांनी विचारलं की पूजा कसली आहे. देवा खोटं बोलू शकत नाही. तो म्हणाला, बॉम्ब टाकायला चाललोय.

बाई अर्धा नारळ परत देत म्हणाल्या की मग हे बाल्कनीत नाही करायचं, उंबऱ्यावर करायचं, आणि बूट काढून करायचं.

* * *

आता शेजारच्या आजींबद्दल सांगायला हवं. माझ्या घराच्या एका बाजूला शिरीषचं कोपऱ्याचं घर, दुसऱ्या बाजूला मेव्राउ, म्हणजे श्रीमती, बाकर. ऐंशी ओलांडलेल्या, एकट्या, ताठ. घरात आम्ही त्यांना आजीच म्हणायचो. मी त्यांना वर्षानुवर्षं 'गुड मॉर्निंग' आणि 'आज पाऊस आहे' एवढं म्हणत आलो होतो, आणि माझ्या मते आमचं छान चाललं होतं.

लॉकडाऊन आला आणि शिरीष त्यांच्याशी गप्पा मारायला लागला. कुंपणावरून! तेही माझ्या! आजी त्यांच्या बागेत, शिरीष त्याच्या बागेत, आणि मध्ये माझी बाग, जीत मी खुर्ची टाकून लॅपटॉपवर मीटिंग करत असायचो. माझ्या डोक्यावरून ट्युलिपचे कांदे, नातवंडं, गुडघेदुखी असे विषय जायचे. शेजारीण माझी, गप्पा त्याच्या.

मग आजींनी अ‍ॅपल केक केला. दालचिनी घातलेला, गरम. त्यांनी ताटली माझ्या कुंपणावर ठेवली, मी हरखून उठलो, आणि त्या म्हणाल्या, "शिरीषसाठी." मी ती ताटली सहा पावलं चालत माझ्या बागेतून नेली आणि पलीकडच्या कुंपणावर ठेवली. दुसऱ्या दिवशी त्याच ताटलीत शिरीषच्या बायकोने शंकरपाळे पाठवले. तेही माझ्याच हातून. आठवडाभर मी हे टपाल वाहिलं. मधुरा खिडकीतून बघत होती. ती म्हणाली, "टोल घे की."

मी एक शंकरपाळा घेतला. आजींनी त्यांच्या खिडकीतून बोट हलवून दाखवलं.

* * *

अभयचा किस्सा हा अभयच करू शकतो. ऑफिसात तो ज्या मापात काम करतो ते डोळ्यांनी दिसतसुद्धा नाही. त्यामुळे 'बॉम्ब जंगलात पडला' असं म्हटलं की त्याचा चेहरा आंबट व्हायचा. जंगलात म्हणजे कुठे? झाडाच्या कुठल्या बाजूला? एका शनिवारी त्याने जाहीर केलं की वाऱ्याचा हिशेब त्याने पूर्ण केला आहे आणि आज चुकायला जागाच नाही. आम्ही विचारलं, वारा किती? तो म्हणाला, शून्य.

आम्ही शिस्तीत उडालो, शिरीष या वेळी म्यूटवर नव्हता, त्याने 'सोडा' म्हटलं, सगळ्यांनी सोडले. सगळेच्या सगळे बॉम्ब समुद्रात. गेममध्ये तुफान वारा होता. अभयला विचारलं की वारा बघितलास कुठे? तर म्हणे, खिडकीतून. समोरच्या घरावर झेंडा लावलाय, तो मघापासून हललेला नाही.

त्या दिवशी शाळेच्या शेवटच्या परीक्षेचे निकाल लागले होते. इथे पोरगं पास झालं की घरावर झेंडा लावतात आणि काठीला त्याचं दप्तर अडकवतात. पुस्तकांनी भरलेलं दप्तर त्या झेंड्याला ओढून धरून बसलं होतं. बरं, ते नसतं तरी फेल्डहोवनच्या आजच्या वाऱ्याचा युद्धातल्या हेगशी काय संबंध, हे त्या हुशार माणसाला कोणी समजवायचं! शिरीष हताश होऊन म्हणाला, "त्यांचा मुलगा पास झाला, आपण नापास."

सगळे हसले. मी नाही हसलो. हा विनोद मला सुचायला हवा होता.

* * *

गणपतीत महाराष्ट्र मंडळाचा कार्यक्रम ऑनलाइन होता. मी दोन महिने हार्मोनियमवर एक अभंग बसवला होता. दहा दिवस आधी निरोप आला की वेळ कमी पडतोय, अभंगाचं एकच कडवं घ्या. वेळ का कमी पडतोय ते कार्यक्रमपत्रिका आल्यावर कळलं. 'आकाशातील थरार: सादरकर्ते शिरीष आणि सहकारी.'

सहकारी म्हणजे मी.

माझं कडवं झालं तेव्हा नेमकं कोणाचं तरी बाळ रडत होतं. शिरीषचा हल्ला झाला तेव्हा बाळही गप्प होतं. त्या दिवशी प्रथमच सगळे बॉम्ब बरोबर जंगलात पडले. कौतुकाचा पाऊस पडला. माझ्या सख्ख्या सासूबाई ठाण्याहून कॉलवर होत्या. नंतर फोन करून त्या मला म्हणाल्या, "ते पुढचं विमान तुमचं होतं ना?"

माझा तीळपापड झाला. मी त्या रात्री शिरीषला मेसेज केला की रोटेट करू म्हणाला होतास, त्याचं काय. त्याने लगेच अंगठा पाठवला. त्या अंगठ्याचा अर्थ लावण्यात पुढचे सहा महिने गेले.

* * *

पुढच्या वसंतात आजींचा वाढदिवस आला. घरी एकाहून जास्त पाहुणे बोलवायचे नाहीत असा नियम होता. मुलगा सकाळी येऊन गेला, दुपार मोकळी. शिरीषने त्यांना आमच्या खेळाबद्दल सांगितलं होतं. त्यांनी एवढंच सांगितलं होतं की युद्धात त्या हेगमध्ये होत्या, लहान होत्या. आणि एकदा बघायचंय म्हणाल्या. शिरीषने ठरवलं की त्यांना स्वतःच्या बागेत बसवून दाखवायचं.

त्याच सकाळी आमच्या रस्त्यावर इंटरनेटची नवी केबल टाकायला माणसं आली. खोदकामाला सुरुवात कुठून? कोपऱ्यावरून! शिरीषचं इंटरनेट ठप्प. कोपऱ्याच्या घराचा मला झालेला हा पहिला फायदा. तो कुंपणाशी येऊन म्हणाला, "आज लीड तू घे." मी तोंडावर काही दिसू दिलं नाही. आत जाऊन मधुराला दोनदा सांगितलं.

आम्ही माझा टीव्ही आतून माझ्या बागेच्या काचेच्या दाराला चिकटवून ठेवला. आजी बाहेर खुर्चीत, गुडघ्यांवर शाल. शिरीष त्याच्या कुंपणापलीकडे. मी आजींपासून दीड मीटरवर बागेतल्या टेबलाशी, लॅपटॉप टीव्हीला जोडून, हेडफोनवर अभय आणि देवा.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. शिरीषच्या पहिल्याच मीटिंगमध्ये ती होती, पण तेव्हा मी रागात होतो, नीट ऐकलं नव्हतं. खरा हल्ला चुकला होता. ढग, वारा आणि नकाशावरची चूक असं सगळं जमून आलं आणि बॉम्ब जंगलात पडलेच नाहीत. ते लगतच्या वस्तीवर पडले. घरं जळाली, माणसं मेली. रॉकेटांना काहीच झालं नाही. शिरीषने जुना नकाशा शोधून जंगलाच्या कडेला त्या वस्तीतल्या घरांच्या रांगासुद्धा मांडल्या होत्या, लाल छपरांच्या.

हे आजींना माहीत असणार, असं मला विमान वर गेल्यावर सुचलं. पण तेव्हा मला दुसरंच दिसत होतं. पहिल्यांदा पुढे कोणी नव्हतं. नुसतं आकाश. वर्षभर शिरीषच्या विमानाची शेपटी बघून मला आकाश असं असतं हे ठाऊकच नव्हतं. चुकलो असतो तर शिरीष काही बोलला नसता, आणि तेच मला सहन झालं नसतं.

जंगल आलं. मी 'सोडा' म्हटलं. सगळ्यांनी सोडले. बॉम्ब झाडांच्या बरोबर मध्ये पडले, एकही बाहेर नाही. रॉकेटं पेटली. देवा कानात ओरडला, अभय म्हणाला की मान्य आहे. मी आधी शिरीषकडे बघितलं. त्याचं तोंड पडलंय का ते मला बघायचं होतं. तो टाळ्या वाजवत होता. मग आजींकडे बघितलं. त्या पडद्यावरच्या धुराकडे बघत होत्या.

"परत एकदा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, आवडलं. छाती फुगली. आम्ही परत बेल्जियमला जाऊन पुन्हा उडालो, पुन्हा तसेच बरोबर. "परत एकदा." पुन्हा. तिसऱ्या वेळी शिरीषने मोबाइलवरून इंटरनेट जोडून घेतलं आणि कुंपणावरून म्हणाला, चल, आता मी घेतो लीड, तू दमला असशील. मी काही म्हणायच्या आत आजींनी त्याच्याकडे न बघता हात वर केला.

"नको," त्या म्हणाल्या. "याचे नीट पडतात."

इतके दिवस ज्याची वाट पाहिली ते वाक्य मला मिळालं होतं. मी शिरीषकडे बघणार होतो. पण आजी खुर्चीतून उठल्या, शाल खाली पडली, आणि त्या दाराजवळ आल्या. काचेवर त्यांनी बोट ठेवलं. रॉकेटांवर नाही, धुरावरही नाही. जंगलाच्या कडेच्या घरांच्या रांगेवर, मधल्या एका घरावर.

"आई घरात आहे," त्या डचमध्ये म्हणाल्या. "परत एकदा."

अभय कानात विचारत होता की टार्गेट तर तीनदा उडालंय, आता कशाला. मी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि विमान पुन्हा उचललं. आजींनी बोट काढलं नव्हतं.

मागून शिरीष हळूच म्हणाला, "सावकाश घे. घाई करू नकोस."